औषधाचे माप : डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग

विद्यार्थी मित्रांनो, राधानगरीचा पावसाळा तुम्हाला नव्याने सांगायला नको. जुलै महिना लागला, की पाऊस आठ-आठ दिवस उसंत देत नाही. भोगावतीचे पाणी गढूळ होते. धरणाचे स्वयंचलित दरवाजे आता कधी उघडणार, याची गावात चर्चा सुरू होते. घरात कपडे वाळत नाहीत. शिळ्या भाकरीवर, कोपऱ्यातल्या चामडी चपलांवर, कधी दप्तराच्या पट्ट्यावरही पांढरी-हिरवी बुरशी चढते. अम्मी ती पुसून पुसून कंटाळते.

अशाच दिवसांत तुमच्या धाकट्या बहिणीला ताप येतो. तिला घास गिळवत नाही. अम्मी तिला दवाखान्यात नेते. डॉक्टर तिचा घसा पाहतात, तिचे वजन करतात आणि एक औषध लिहून देतात. दुकानातून एक छोटी बाटली घरी येते. बाटलीत पातळ औषध नसतेच. तळाशी थोडी कोरडी पूड असते. तिच्यात पाणी मिसळले, की औषध तयार होते. या पुडीचे नाव पुष्कळदा अमॉक्सिसिलिन असे असते.

आता एक गंमत पाहा. घरात जी बुरशी आपण पुसून टाकतो, तिच्याच एका जातीपासून या औषधाच्या घराण्याची सुरुवात झाली. ती ज्यांनी ओळखली, त्या शास्त्रज्ञांचे नाव डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग. त्यांनी जगाला औषध दाखवले आणि ते कसे घेऊ नये, हेही सांगितले. त्यांचा शोध सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा इशारा मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिला. म्हणून आज आपण त्यांचे चरित्र वाचणार आहोत.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. डार्वेल नावाच्या गावाजवळ डोंगराळ भागात त्यांच्या वडिलांचे शेत होते. शेतात मेंढ्या, गाई आणि थोडे धान्य असे. अलेक्झांडर सात वर्षांचे असताना वडील वारले. घराचा आणि मुलांचा भार आईवर आणि मोठ्या भावावर पडला.

शाळा घरापासून दूर होती. डोंगरवाटेने चालत जावे लागे. थंडीच्या दिवसांत आई मुलांच्या हातांत गरम उकडलेले बटाटे देत असे. वाटेत त्यांनी हात शेकावेत आणि दुपारी तेच खावेत. तुमच्यापैकी जे वाडीवस्तीवरून चिखल तुडवत शाळेला येतात, त्यांना या वाटेची कल्पना सहज येईल. या चालण्यात एक लाभ होता. पक्ष्याचे घरटे कोठे आहे, ओढ्यात मासा कोठे दडतो, हे अलेक्झांडर पाहत राहत. साध्या गोष्टीकडे लक्षपूर्वक पाहण्याची सवय त्यांना तेथेच लागली. पुढे हीच सवय त्यांच्या कामी आली.

वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी ते लंडनला भावाकडे गेले. काही काळ शिक्षण झाल्यावर त्यांनी जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनाची नोकरी धरली. चार वर्षे ते कागद लिहीत आणि हिशेब करीत राहिले. काम त्यांना आवडत नव्हते, पण घराला हातभार लागत होता. मग त्यांच्या एका काकांच्या मिळकतीतून त्यांच्या वाट्याला थोडी रक्कम आली. त्यांचे मोठे भाऊ डॉक्टर होते. हे पैसे वैद्यकीय शिक्षणासाठी वापर, असा सल्ला त्यांनी दिला. १९०१ मध्ये फ्लेमिंग लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. १९०६ मध्ये ते डॉक्टर झाले आणि त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अल्मरॉथ राइट या नामवंत शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करू लागले. तेथेच त्यांचे जवळजवळ सारे आयुष्य गेले.

मित्रांनो, त्या काळी रोगजंतू कोणते हे डॉक्टरांना समजू लागले होते. सूक्ष्मदर्शकातून ते दिसत होते. पण शरीरात शिरलेल्या जंतूंना मारणारे औषध फारसे नव्हते. साधी जखम चिघळून माणूस दगावत असे. मुलाच्या छातीत कफ भरून न्यूमोनिया झाला, तर डॉक्टर उशाशी बसून वाट पाहण्यापलीकडे फार काही करू शकत नसत. आपल्या आजी-पणजीच्या पिढीने हे दिवस पाहिले आहेत. घरातल्या कोणाला विचारा. अशा तापात गेलेल्या एखाद्या भावंडाची आठवण कदाचित तुम्हाला ऐकायला मिळेल.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्लेमिंग सैन्यातील डॉक्टर म्हणून फ्रान्समधील बुलोन येथे गेले. तेथे जखमी सैनिकांची रांग लागलेली असे. जखमा खोल असत आणि त्यांत माती, कपड्याचे तुकडे आणि जंतू गेलेले असत. जंतू मरावेत म्हणून डॉक्टर जखमांत तीव्र औषधे ओतत. फ्लेमिंग यांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा वेगळेच दिसले. ही औषधे खोल जखमेच्या कोनाकोपऱ्यांतील जंतूंपर्यंत पोचत नव्हती. उलट जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशीच त्यांनी मरत होत्या. जंतूंना मारील पण शरीराला इजा करणार नाही, असे काही हवे होते. तो विचार घेऊनच ते युद्ध संपल्यावर प्रयोगशाळेत परतले.

१९२१ मध्ये त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी आपल्याच नाकातील शेंबडाचा थेंब जंतूंवर टाकून पाहिला. तुम्हाला हसू येईल, पण त्या थेंबाभोवतीचे जंतू विरघळले! अश्रू, लाळ आणि अंड्याचा पांढरा बलक यांतही तोच पदार्थ असतो, असे त्यांना आढळले. त्याला त्यांनी लायसोझाइम असे नाव दिले. पण हा पदार्थ मुख्यतः निरुपद्रवी जंतूंनाच मारत होता. जीवघेण्या जंतूंपुढे त्याचे काही चालत नव्हते. शोध चांगला होता, तरी औषध हाती आले नव्हते.

१९२८ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंग सुट्टीवर गेले. जाण्यापूर्वी त्यांनी काचेच्या चपट्या बश्यांत स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू वाढवले होते. या जंतूंमुळे गळवे होतात आणि जखमा पिकतात. सप्टेंबर महिन्यात ते परत आले आणि त्या बश्या एक एक करून पाहू लागले. एका बशीत बुरशी उगवली होती. अशी बशी खराब झाली म्हणून कोणीही टाकून दिली असती. फ्लेमिंग यांनी ती पुन्हा निरखून पाहिली. बशीत सगळीकडे जंतूंचे ठिपके होते, पण बुरशीच्या भोवती मात्र जागा मोकळी होती. तेथले जंतू नाहीसे झाले होते. बुरशीतून असा काही पदार्थ झिरपत होता, की तो जंतूंना वाढू देत नव्हता.

ही बुरशी पेनिसिलियम जातीची होती. म्हणून १९२९ मध्ये फ्लेमिंग यांनी त्या पदार्थाला पेनिसिलिन असे नाव दिले. बुरशी वाढवलेले पाणी त्यांनी निरनिराळ्या जंतूंवर वापरून पाहिले. घसा, फुप्फुसे आणि जखमा बिघडवणारे अनेक जंतू त्याने मरत होते. काही जंतूंवर मात्र त्याचा परिणाम होत नव्हता. मुख्य म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींना त्याने इजा होत नव्हती. युद्धाच्या दिवसांपासून ते जे शोधत होते, तेच त्यांच्यासमोर होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पावसाळ्यात भाकरीवर येणारी बुरशी म्हणजे औषध नव्हे. बुरशीच्या असंख्य जाती आहेत आणि त्यांतील कित्येक विषारी असतात. बुरशी आलेले अन्न कधीही खाऊ नये.

पेनिसिलिन सापडले, पण ते शुद्ध करणे जमेना. बुरशीच्या पाण्यात ते फारच थोडे असे आणि लवकर नासून जाई. फ्लेमिंग आणि त्यांचे मदतनीस यांनी पुष्कळ खटपट केली. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी १९२९ मध्ये आपला लेख छापला, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तरीही त्यांनी ती बुरशी जिवंत ठेवली आणि ज्यांनी मागितली त्यांना ती दिली. अशी दहा वर्षे गेली.

१९३९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन या शास्त्रज्ञांनी हे काम हाती घेतले. नॉर्मन हीटली हे त्यांचे कल्पक सहकारी होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते आणि साधने मिळत नव्हती. तेव्हा त्यांनी रुग्णालयातील भांड्यांसारखी भांडी बनवून घेऊन त्यांत बुरशी वाढवली. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. त्यांपैकी चार उंदरांना पेनिसिलिन दिले. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते. औषध दिलेले चार जिवंत होते.

आता मी तुम्हाला एका माणसाविषयी सांगणार आहे. ही हकिगत नीट वाचा, कारण या पाठाचे मर्म तिच्यात आहे.

ऑक्सफर्डजवळ अल्बर्ट अलेक्झांडर नावाचे एक पोलीस शिपाई होते. जंतूंच्या संसर्गाने त्यांचा चेहरा सुजला होता. एक डोळा काढावा लागला होता. संसर्ग फुप्फुसांपर्यंत पोचला होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉक्टरांनी त्यांना पेनिसिलिन टोचण्यास आरंभ केला. एका दिवसात फरक दिसू लागला. ताप उतरला, सूज कमी झाली, त्यांना भूक लागू लागली. सर्वांना वाटले, माणूस वाचला. पण औषध अतिशय थोडे होते. रुग्णाच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून डॉक्टरांनी ते पुन्हा वापरले. तरी पाच दिवसांत औषध संपले. सर्व जंतू अजून मेले नव्हते. उरलेले जंतू पुन्हा वाढले आणि १५ मार्च रोजी अल्बर्ट अलेक्झांडर मरण पावले.

विचार करा. ताप उतरला होता, रुग्ण जेवत होता, म्हणजे तो बरा झाला होता काय? नाही. वरून बरे दिसणे आणि आतले जंतू संपणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या शिपायाला पुढचे औषध मिळू शकले नाही, कारण ते डॉक्टरांजवळ उरलेच नव्हते. आज आपल्या घरात मात्र उरलेले औषध बाटलीत असते. बहीण खेळू लागली म्हणून आपण ती बाटली फळीवर ठेवून देतो.

यानंतर ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी पुढील उपचारांसाठी मुख्यतः मुले निवडली. मुलांचे वजन कमी, म्हणून त्यांना औषधही कमी लागते. मुलाचे औषध त्याच्या वजनावरून ठरते, हा नियम आजही आहे. म्हणूनच डॉक्टरांनी तुमच्या बहिणीला आधी काट्यावर उभे केले.

१९४२ मध्ये फ्लेमिंग यांच्या परिचयाचे एक गृहस्थ सेंट मेरी रुग्णालयात मरणाच्या दारी होते. त्यांच्या मेंदूभोवतीच्या आवरणाला जंतूंचा संसर्ग झाला होता. फ्लेमिंग यांनी फ्लोरी यांच्याकडे पेनिसिलिन मागितले. फ्लोरी यांनी आपल्याजवळ होते ते दिले. फ्लेमिंग यांनी ते स्वतः रुग्णाला टोचले, पुढे पाठीच्या कण्यातूनही दिले. तो रुग्ण वाचला. चौदा वर्षांपूर्वी बशीत जे दिसले होते, ते आता एका माणसाचा जीव वाचवताना फ्लेमिंग यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले.

पुढे अमेरिकेत हे औषध मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. पिओरिया या गावी एका सडक्या खरबुजावर पेनिसिलियमची अधिक चांगली जात सापडली. तिच्यापासून पुष्कळ जास्त पेनिसिलिन मिळू लागले. युद्धाच्या अखेरीस हजारो जखमी सैनिक त्याने वाचले. १९४४ मध्ये फ्लेमिंग यांना सर हा किताब मिळाला. १९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पारितोषिक घेताना माणूस आपल्या यशाविषयी बोलतो. फ्लेमिंग यांनी त्या वर्षी डिसेंबरमध्ये स्टॉकहोम येथे व्याख्यान दिले, त्यात शोधाची हकिगत सांगितलीच. पण शेवटी एक धोकाही सांगितला. प्रयोगशाळेत जंतूंना मरणार नाहीत इतके थोडे पेनिसिलिन दिले, तर ते जंतू त्या औषधाला सरावतात. पुढे पुरेसे औषध दिले, तरी ते मरत नाहीत. माणसाच्या शरीरातही असेच घडू शकते. हे समजावण्यासाठी त्यांनी एक काल्पनिक उदाहरण दिले. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच दुकानातून पेनिसिलिन आणतो आणि कमी प्रमाणात घेतो. त्याच्या घशातील जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला लागतात आणि तिला न्यूमोनिया होतो. डॉक्टर तिला पेनिसिलिन देतात, पण त्याचा उपयोग होत नाही आणि ती मरते. तिच्या मृत्यूला तिचा पतीच जबाबदार ठरतो, कारण त्याने औषध निष्काळजीपणाने वापरले.

मित्रांनो, पेनिसिलिन तेव्हा नुकतेच सर्वसामान्यांच्या हाती येऊ लागले होते. सगळे जग आनंदात होते. अशा वेळी त्याच औषधाच्या शोधकाने हे सांगितले. त्यांचा इशारा दुर्दैवाने खरा ठरला. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आपल्या देशात पेनिसिलिन प्रथम परदेशातून येत असे. स्वातंत्र्यानंतर ते येथेच तयार व्हावे असे सरकारने ठरवले. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य मिळाले. पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या वेळी पिंपरी हे लहान गाव होते. आपल्या महाराष्ट्रातील या गावात मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढू लागली आणि देशातील रुग्णांना तिचे औषध मिळू लागले.

मूळ पेनिसिलिन पोटातील आम्लाने बिघडत असे, म्हणून ते टोचावे लागे. पुढे शास्त्रज्ञांनी त्यात सुधारणा केल्या आणि तोंडाने घेता येतील अशी औषधे बनवली. अमॉक्सिसिलिन हे त्यांपैकीच एक. १९७० च्या दशकात ते वापरात आले. सुईची भीती गेली आणि मुलांना गोड पातळ औषध मिळू लागले. पण सुई टोचणारी परिचारिका माप चुकत नसे. आता माप घरातल्या माणसांच्या हाती आले. म्हणून घरी काय सांभाळावे, ते पाहू. औषध मोठ्या माणसांनीच द्यायचे, पण हे नियम तुम्हालाही ठाऊक हवेत.

प्रथम पाणी मिसळणे. बाटली हलवून पूड मोकळी करावी. पाणी उकळून पूर्ण थंड केलेले असावे. बाटलीवर खूण असते, तिच्या थोडे खालपर्यंत पाणी घालून बाटली जोरात हलवावी. फेस बसला, की पातळी खाली आलेली दिसते. मग पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालून हलवावे. पाणी जास्त झाले, तर औषध कमजोर होते. कमी झाले, तर तीव्र होते. जमत नसेल, तर औषधाच्या दुकानदाराकडून मिसळून घ्यावे. ज्या दिवशी पाणी मिसळले, ती तारीख बाटलीवर लिहून ठेवावी.

दुसरे, दर वेळी बाटली हलवणे. औषध तळाशी बसते. न हलवता दिले, तर आरंभी नुसते पाणी पोटात जाते आणि अखेरीस एकदम जास्त औषध जाते.

तिसरे, माप. घरातले चमचे सारखे नसतात. चहाचा चमचा वेगळा, खिरीचा वेगळा. म्हणून बाटलीबरोबर आलेले मापाचे टोपण वापरावे. त्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात. टोपण सपाट जागी ठेवून आणि डोळ्यांच्या पातळीत धरून रेघ पाहावी. तान्ह्या बाळासाठी ड्रॉपर किंवा सुई काढलेली पिचकारी घ्यावी. बाळाला उभे धरून किंवा बसवून, गालाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे औषध सोडावे. नाक दाबून किंवा आडवे निजवून औषध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. औषध पेलाभर दुधातही मिसळू नये. दूध अर्धे उरले, तर औषधही अर्धेच गेले असे समजावे.

चौथे, वेळ. दिवसातून तीन वेळा सांगितले असेल, तर सकाळ, दुपार आणि रात्र यांत सारखे अंतर ठेवावे. एखादी वेळ चुकली, तर आठवताच द्यावे. पण पुढची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेले सोडून द्यावे. भरपाई म्हणून दुप्पट कधीच देऊ नये. मुलाने औषध ओकून टाकले, तर आपल्या मनाने पुन्हा न देता डॉक्टरांना विचारावे.

पाचवे, मुदत. औषध किती दिवस द्यायचे, हे डॉक्टर रोग पाहून ठरवतात. त्यांनी सांगितले तितके दिवस द्यावे, ताप उतरला तरी मध्येच थांबवू नये. घशाच्या एका प्रकारच्या जंतूंवर पूर्ण उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना पुढे सांध्यांची सूज येते आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. घसा तर केव्हाच बरा झालेला असतो. मुलाचे हृदय मात्र जन्मभर दुखणे वाहत राहते.

सहावे, धोक्याची चिन्हे. काहींना पेनिसिलिनच्या घराण्यातील औषधे सोसत नाहीत. अंगावर पुरळ उठले, तर पुढचे औषध देण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर औषध थांबवून मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. पूर्वी असे कधी झाले असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

सातवे, साठवण. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे ती थंड जागी ठेवावी. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. ती मुलांच्या हाती लागता कामा नये. पाणी मिसळलेले औषध थोडेच दिवस टिकते. किती दिवस, ते बाटलीवर लिहिलेले असते. उरलेले औषध पुढच्या आजारासाठी ठेवू नये आणि शेजारच्या मुलाला देऊ नये. त्या मुलाचे वजन वेगळे असते आणि कदाचित रोगही वेगळा असतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक तापाला असे औषध लागत नाही. साधी सर्दी आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात. विषाणूंवर पेनिसिलिनचा काही उपयोग नाही. डॉक्टरांनी असे औषध दिले नाही, तर त्यांच्याकडे हट्ट धरू नये. ज्या औषधाच्या वेष्टणावर उभी लाल रेघ असते, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

फ्लेमिंग अखेरपर्यंत साधे आणि मितभाषी राहिले. देशोदेशी त्यांचे सत्कार झाले, तरी ते पुन्हा आपल्या प्रयोगशाळेत येऊन बसत. ११ मार्च १९५५ रोजी लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी तेथील सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आल्या.

मित्रांनो, आता त्या छोट्या बाटलीकडे परत येऊ. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी दादीला किंवा अम्मीला उर्दू वाचता येते, पण मराठी वाचता येत नाही. दुकानदाराने बाटलीवर किंवा कागदावर मराठीत काय लिहिले आहे, ते घरात तुम्हीच वाचणार. किती मिलिलिटर, किती वेळा, किती दिवस, या तीन गोष्टी तुम्ही नीट वाचून सांगा. अक्षर लागले नाही, तर अंदाज करू नका. दुकानात परत जा आणि मराठीत स्पष्ट विचारा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मग वहीच्या पानावर दिवस आणि वेळा उर्दूत लिहून ते पान भिंतीला लावा. औषध दिले, की त्या चौकटीत खूण करा.

पाचव्या दिवशी बहीण अंगणात पावसात नाचू लागेल. घरातले कोणी म्हणेल, आता कशाला औषध? तेव्हा भिंतीवरचा कागद पाहा. चौकटी रिकाम्या असतील, तर तिला हाक मारून आत बोलवा. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांजवळ जे नव्हते, ते तुमच्या घरात आहे.

स्वाध्याय

१. फ्लेमिंग यांना लहानपणी कोणती सवय लागली? तिचा पुढे काय उपयोग झाला?
२. अल्बर्ट अलेक्झांडर यांची प्रकृती सुधारूनही ते का वाचले नाहीत?
३. नोबेल पारितोषिकाच्या वेळी फ्लेमिंग यांनी कोणता धोका सांगितला? तुमच्या शब्दांत लिहा.
४. कारणे लिहा : (अ) औषध देण्यापूर्वी बाटली हलवावी. (आ) घरातील चमच्याने औषध मोजू नये. (इ) उरलेले औषध दुसऱ्या मुलाला देऊ नये.
५. तुमच्या धाकट्या भावाला सात दिवस, दिवसातून तीन वेळा औषध द्यायचे आहे. त्यासाठी चौकटींचा तक्ता तयार करा. एकूण किती चौकटी होतील?